पावशेर

माझ्या घरच्या माळ्यावर इंजिन ऑइलच्या अकरा बाटल्या होत्या. त्यांतली एकही भरलेली नव्हती आणि एकही रिकामी नव्हती. घरात भांडण झालं ते या दुसऱ्या गोष्टीवरून.

त्याचं असं आहे, माझ्या मोटरसायकलच्या पोटात ९०० मिली तेल मावतं आणि दुकानात बाटली मिळते लिटरची. नऊशेचीही निघते, दुकानदार ती फळीवर मांडतोसुद्धा. पण मी गेलो की ती "कालच संपली" असते. "लिटरच न्या की, गाडीलाच लागतंय," असं म्हणत तो मोठी बाटली पुढं सारतो. ती घेऊन मी उद्यमनगरात मेस्त्रीकडं जातो. मेस्त्री जुनं तेल सोडतो, नवं नऊशे ओततो, बाटलीला झाकण लावतो आणि माझ्याकडं न बघता म्हणतो, "ऱ्हाऊ दे हितंच, साहेब."

मी राहू देत नाही. ज्या घरात उरलेल्या आमटीचं थालीपीठ होतं, उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो आणि कुस्करा उरला तर त्याचंही काहीतरी होतं (काय होतं ते विचारायचं नाही, खायचं), त्या घरात वाढलेला माणूस शंभर मिली तेल परक्याच्या हवाली करून घरी कुठल्या तोंडानं जाईल? दर चार महिन्यांनी एक, अशा हिशोबानं पावणेचार वर्षांत अकरा बाटल्या जमल्या. दिवाळीच्या साफसफाईला बायको माळ्यावर चढली आणि तिनं वरूनच विचारलं, "अहो, हे काय आहे?"

"तेल."

"चकलीला चालेल?"

"नाही."

"मग धनत्रयोदशीच्या आत खाली उतरवा."

इथून ही कथा सुरू होते. गाडी वीसेक वर्षांची, शंभर सीसीची, चार गिअरची, किक मारली की तिसऱ्या किकला उठणारी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं जे काही झालं त्यात तिची काही चूक नाही.

गाडीचं तेल कधी बदलावं याबद्दल माझ्या आयुष्यात तीन मतं होती. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, दर ६,००० किलोमीटरला बदला आणि मधे ३,००० ला पातळी बघून टॉप-अप करा. मेस्त्रीचं मत, दर २,००० ला. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं मत, कधीच नाही.

आण्णांचं मत हसण्यावारी नेऊ नका, त्यामागं अनुभव होता. त्यांच्याकडं चेतक होती, नंबर लावून मिळालेली. टू-स्ट्रोक. तिचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पंपावर गेलं की लिटरला वीस मिली 'टूटी' घालून घ्यायचं. ते पेट्रोलबरोबर आत जायचं, जाता जाता वंगण करायचं आणि जळून निळ्या धुरातून मागच्या माणसाच्या नाकात जायचं. तेल जुनं होण्याची संधीच नाही. दर किलोमीटरला नवं तेल, असं राजेशाही इंजिन ते. त्यामुळं "आम्ही पंचवीस वर्षं स्कूटर चालवली, एकदा ऑइल बदललं नाही," हे आण्णांचं वाक्य इंजिनापुरतं खरं होतं. चेतकच्या गिअरबॉक्सला तेल वेगळं असायचं आणि ते मेस्त्री लोक न सांगता बदलून बिलात लावायचे. हे आण्णांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्याच्या आधीच्या पिढीत, म्हणजे आजोबांच्या बैलगाडीत, तर प्रश्न आणखी सोपा. गाडीच्या आखाला ओंगण घालायचं. एरंडेलात चिंधी बुडवायची आणि चोळायची. आधीचं ओंगण काढून नवं घालायचं असं कुणी म्हटलं असतं तर बैलसुद्धा थांबून बघायला लागले असते. कमी पडलं की वरून घाला, चाक कुरकुरायचं थांबलं की पुढं चला. गंमत म्हणजे ज्याला आपण मोठं विलायती वंगण समजतो त्याचीही सुरुवात एरंडेलातच आहे. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या इंग्रजानं १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली, पुढं तेलात एरंडेल मिसळून बघितलं, ते जमलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. आमच्या आजीनं तेच तेल महिन्यातून एकदा रविवारी पहाटे आम्हा सगळ्या भावंडांना पाजलं, पण तिला कंपनी काढायचं सुचलं नाही.

सांगायचा मुद्दा, तेलात तेल ओतणं माझ्या रक्तात होतं. तेल काढून टाकणं नव्हतं. आणि माळ्यावर अकरा बाटल्या होत्या. यातून एका रात्री मला जी योजना सुचली ती अशी: पूर्ण ऑइल पुस्तकाप्रमाणं ६,००० लाच बदलायचं, मेस्त्रीचं २,००० चं वेड बंद. पण मधे दर हजार किलोमीटरला पाव लिटर जुनं काढायचं आणि पाव लिटर नवं घालायचं. तेल कायम तरतरीत राहणार, माळा रिकामा होणार, आणि पुढं विकत आणलेल्या लिटरच्या बाटलीचे बरोबर चार पाव होणार. उरणार काहीच नाही. शून्य. त्या शून्याच्या आनंदात मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे मेस्त्रीला सांगितलं. तो एका बुलेटच्या खाली आडवा होता. आधी नुसते पाय दिसत होते, मग तो सरकत बाहेर आला. माझ्या गाडीची तेलाची काडी त्यानं बाहेर काढली. आमच्या मेस्त्रीची तेलपरीक्षा म्हणजे वैद्याची नाडीपरीक्षा असते. काडीच्या टोकाचा एक थेंब त्यानं अंगठ्यावर घेतला, तर्जनी त्यावर टेकवली, दोन्ही बोटं हळूच चोळली, मग एकमेकांपासून लांब केली. मधे तेलाची तार आली, तुटली. ती किती लांबीला तुटली हे त्यानं डोळे बारीक करून बघितलं. बोटांचा वास घेतला. मग बोटं पँटीला पुसली. त्याच्या पँटीवर उद्यमनगरातल्या सगळ्या गाड्यांचा इतिहास आहे.

"काळं पडलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, पावशेर काढू आणि पावशेर नवं घालू."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मेस्त्री लोक गिऱ्हाइकाकडं फार कमी वेळा बघतात. बघतात तेव्हा काहीतरी मोठं काम निघालेलं असतं.

"साहेब, तुमी अर्धी दाढी करून हापिसात जाता काय?"

एवढं बोलून तो परत बुलेटखाली गेला. मला तिथंच शहाणपण यायला हवं होतं. पण बुलेटखालून आलेलं शहाणपण आपल्याला कमी प्रतीचं वाटतं. मी ठरवलं, हे काम आपणच करायचं. नाहीतरी यात आहे काय? एक बोल्ट सोडायचा, पाव लिटर तेल येऊ द्यायचं, बोल्ट लावायचा.

रविवार सकाळ. रंकाळ्याला एक फेरी मारून इंजिन गरम केलं, कारण तेल गरम असताना पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. हे मला माहीत होतं. ते गरम म्हणजे किती गरम असतं, हे माहीत नव्हतं. गाडी डबल स्टँडला लावली. खाली जुनं ॲल्युमिनिअमचं पातेलं. अडीच बाटल्यांतलं उरलेलं तेल एकत्र करून मापाच्या पेल्यात अडीचशे मिली नवं तेल तयार ठेवलं. कसं दिसत होतं म्हणून सांगू, जंगली मधासारखं. मग १७ नंबरचा पाना घेऊन फरशीवर गाल टेकवला.

इंजिनच्या तळाचा बोल्ट कुठल्या दिशेला सैल होतो हे उभं राहून सांगणं सोपं आहे. खालून, उलट्या तोंडानं, एका डोळ्यानं बघताना उजवं-डावं एकमेकांच्या जागा घेतात. पहिली पाच मिनिटं मी तो बोल्ट आणखी घट्ट केला. आटे गेले नाहीत ही पूर्वजांची पुण्याई. मग दिशा समजली. बोल्ट कुरकुरला, सैल झाला, पाना बाजूला ठेवून मी तो बोटांनी फिरवू लागलो. योजना अशी होती की शेवटच्या आट्यावर बोल्ट धरून ठेवायचा, कडेनं तेलाची बारीक धार सोडायची, अंदाजानं अडीचशे झालं की परत फिरवायचा. बाळाला बाटलीनं दूध पाजतात तसं.

शेवटचा आटा नेमका कुठला होता हे तो सुटल्यावर कळलं. बोटाएवढ्या जाडीची काळी, गरम धार माझ्या मनगटावरून बाहीत शिरली. मी "आई गं" म्हणून हात मागं घेतला. बोल्ट पातेल्यात पडला, त्यामागोमाग वायसर पडला. बुडबुड आवाज झाला आणि दोघेही दिसेनासे झाले. अंगठ्यानं भोक बंद करायचा मी प्रयत्न केला. चटका बसल्यावर अंगठ्याची आणि भोकाची फारकत झाली. आता मी नुसता बघत होतो. धार बारीक होत गेली, मग थेंब, मग थेंबाथेंबात अंतर. नऊशेच्या नऊशे मिली पातेल्यात. पाव तेल बदलायला गेलो आणि पूर्ण बदलून बसलो, मेस्त्री करतो तसं. फरक इतकाच की मेस्त्रीकडं घालायला नऊशे असतं, माझ्याकडं अडीचशे होतं.

ऊन वर येत होतं, शेजारचे सर पेपर घेऊन कट्ट्यावर येऊन बसले होते, आणि तेलाविना गाडी दारात अशी उभी होती की जणू तिचं ऑपरेशन अर्धवट सोडून डॉक्टर जेवायला गेलेत. शेवटी मी जे केलं ते कोणत्याही पुस्तकात नाही. पातेल्यातून बोल्ट आणि वायसर चाचपडून काढले, बसवले. स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली. त्या गाळणीतून जुनं साडेसहाशे मिली तेल नरसाळ्यानं परत आत ओतलं आणि त्यावर नवं अडीचशे. म्हणजे योजनेप्रमाणं पाव तेल बदललं गेलं, फक्त मधे ते सगळं बाहेर हवा खाऊन आलं. काडी बघितली. (ती आट्यात फिरवायची नाही, नुसती टेकवून बाहेर काढायची. हे एक मला नीट येतं.) तेल पातळीवर होतं. आणि काळं होतं. मघाशी मधासारखं दिसणारं माझं अडीचशे मिली त्यात कुठं गेलं ते कळलंच नाही. ग्रामपंचायतीत निवडून आलेला एकटा प्रामाणिक सदस्य पहिल्या सभेनंतर जसा दिसतो, तसं ते दिसत होतं.

गाळणीचं काय झालं ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी चहा आम्ही फडक्यानं गाळून घेतला.

पुढच्या हजाराला मी पद्धत बदलली. बोल्टला हात लावायचाच नाही. वरून, काडीच्या भोकातूनच तेल ओढायचं. औषधाच्या दुकानात गेलो आणि ५० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी मागितली. दुकानदार भला माणूस. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "घरी पेशंट कोण?"

"गाडी आहे."

"वय?"

"वीसेक वर्षं."

त्यानं मान हलवली आणि ट्यूब कापून दिली. पाच वेळा पन्नास, झालं अडीचशे. गाडी दारात, तिच्या अंगात नळी, नळीतून काळं तेल सिरिंजमध्ये येतंय, मी प्रत्येक वेळी ते प्रकाशाकडं धरून बघतोय. गल्लीतली पोरं गोल करून उभी राहिली. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, गाडीला शुगर आहे?" या पद्धतीतला दोष मला फार उशिरा कळला. गाळ असतो तळाला आणि मी ओढत होतो वरचं. आमटीतलं पाणी काढून पाणी घालावं आणि डाळ तशीच ठेवावी, तसं.

आता मेस्त्री जिला काळं पडणं म्हणतो, त्या गोष्टीबद्दल जरा बोललं पाहिजे, कारण तिथं माझी आणि त्याची दोघांचीही चूक होती. तेलात साबणासारखे काम करणारे पदार्थ घातलेले असतात. पेट्रोल जळून होणारी काजळी ते धरून ठेवतात, म्हणजे ती इंजिनच्या भिंतींना चिकटत नाही, तेलात तरंगते. त्यामुळं तेल काळं होणं हे बिघडल्याचं लक्षण नसून कामाचं लक्षण आहे. पुसायचं फडकं काळं झालं म्हणजे फरशी स्वच्छ झाली. खरी मेख अशी, की हे पदार्थ संपतात. काजळी धरायची ताकद संपते, जळणातून तयार होणारं आम्ल मारायची ताकद संपते, थंड इंजिनवर छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की पेट्रोल आणि पाणी तेलात उतरतं, आणि गिअरच्या दातांत सापडून तेल पातळ होत जातं. यातलं काहीच काडीवरच्या रंगात दिसत नाही. आणि दुचाकीत तर त्या बिचाऱ्या नऊशे मिलीवर सगळा संसार. कारमध्ये इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. इथं तेच तेल पिस्टनला, तेच गिअरला, आणि क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडलेल्या. एकत्र कुटुंबातली थोरली सून.

म्हणूनच माझ्या मेहुण्याचा सल्ला धोक्याचा होता. त्याच्याकडं कारच्या सर्व्हिसिंगचं अर्धा लिटर तेल उरलं होतं. आमच्याकडं ही खोड दोन्ही घरांत आहे. "दाजी, भारीतलं आहे, तुमच्या पावशेरला वापरा," म्हणाला. पण कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. इंजिनला ते गोड लागतात, पण क्लचचं सगळं पोट घर्षणावर भरतं. तो घसरायला लागतो. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. जपान्यांनी यावर १९९८ मध्ये दुचाकीच्या तेलासाठी वेगळं मानक काढलं. बाटलीवर बारीक अक्षरात जासो एमए असं लिहिलेलं असतं ते हेच. मेहुण्याचं तेल मी नाकारलं. त्यानं ते त्याच्या गेटच्या बिजागरीला घातलं. गेट आता इतकं सहज उघडतं की कुत्रं आत येतं.

त्याच बाटलीवर मोठ्या अक्षरात १०डब्ल्यू-३० असं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, हे मला फार वर्षांनी कळलं. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं तेलाच्या दाटपणाला आकडे द्यायला १९११ मध्ये सुरुवात केली, हिवाळ्याचं अक्षर मागाहून आलं. ३० हा आकडा तेल शंभर अंशांवर किती दाट राहतं त्याचा. आणि १०डब्ल्यूची परीक्षा घेतात उणे २५ अंशांत, की एवढ्या गारठ्यात इंजिन फिरवण्याइतकं ते पातळ आहे का. उणे २५. कोल्हापुरात थंडी पडते म्हणजे डिसेंबरात रंकाळ्यावर चालायला येणारी माणसं कानटोपी घालतात आणि मिसळीला कट दोनदा मागून घेतात. म्हणजे बाटलीवरचा पहिला आकडा मी वीस वर्षं पैसे मोजून घेतोय आणि वापरायची वेळ आलेली नाही. एवढी उधळपट्टी आमच्या घराण्यात आधी कुणी केलेली नाही.

कटावरून आठवलं. कोपऱ्यावरच्या वडेवाल्याची कढई हे माझ्या योजनेचं खरं दैवत होतं. ती कढई मी कधी रिकामी झालेली बघितली नाही. तेल खाली गेलं की तो डब्यातून वरून ओततो. तिच्यात तळाला कुठल्या सालातलं तेल आहे हे त्यालाही सांगता येणार नाही, आणि वडा तर असा की हात आवरत नाही. मी हे उदाहरण शेजारच्या सरांना दिलं. सर शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाती सोडवायला फक्त आमची गल्ली उरली आहे. सर म्हणाले, "त्याच्यावरसुद्धा नियम आहे. १ जुलै २०१८ पासून. तळणाच्या तेलात पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. तुमच्या योजनेचा तुम्ही हिशोब केलाय का?"

मी म्हटलं, हिशोब कसला, दर हजाराला पाव नवं.

सरांनी पेपर उलटा केला आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर लिहायला घेतलं. नऊशेतले अडीचशे काढले की जुनं उरतं बहात्तर टक्के. पुढच्या वेळी त्या बहात्तरातलं बहात्तर टक्के. "कारण तुम्ही पुढच्या वेळी जे काढता, त्यात तुमचं मागच्या वेळचं नवंही जातं," ते म्हणाले. हे मला लागलं. माझं मधासारखं तेल मीच सिरिंजनं ओढून बाहेर टाकत होतो, हा विचार मी कधी केला नव्हता. सरांची पेन्सिल पळत होती. पाच वेळा पाव पाव बदललं तरी सुरुवातीच्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा आतच बसलेला. ६,००० किलोमीटरला इंजिनमधल्या तेलाचं सरासरी वय निघालं सुमारे ३,१०० किलोमीटर.

"सहा हजारापेक्षा निम्मं!" मी विजयानं म्हणालो.

"थांबा. तेल किती लागलं? पाच पाव आणि शेवटी एक पूर्ण. २,१५० मिली. एवढ्याच तेलात दर अडीच हजाराला पूर्ण बदलता आलं असतं. मग तेल कधीच अडीच हजाराच्या वर म्हातारं झालं नसतं. वर तळाचा गाळही गेला असता." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "तुमच्या मेस्त्रीला गणित येतं."

म्हणजे तेवढंच तेल, जास्त कष्ट, जास्त चटके, एक गाळणी, आणि गाडीला मिळालं काय तर म्हातारं तेल. मग मी ते बंद केलं का? नाही. आता खरं सांगायला हरकत नाही. दर हजाराला ती सिरिंज हातात घेतली की मला बरं वाटायचं. गाडीला बरं वाटत होतं की नाही हे तिला विचारायची सोय नाही. पण परत किक मारल्यावर इंजिनचा आवाज मऊ आल्यासारखा वाटायचा, ॲव्हरेज दोन किलोमीटरनं वाढल्यासारखं वाटायचं, पुढचे आठ दिवस मी गाडी पन्नासच्या वर न्यायचो नाही. आजारी माणसाला तीर्थ दिल्यावर घरच्यांना जो आराम पडतो, तो हाच. दोन वर्षांत मी दहा वेळा पावशेर पाजली. मधल्या पूर्ण बदलाला मेस्त्रीकडं जायचो तेव्हा तो फक्त एवढंच विचारायचा, "काय साहेब, दाढी पुरी करायची नव्हं?"

एका बाबतीत मात्र मी बरोबर होतो आणि हे मी ठासून सांगतो. पातळी बघत होतो. गाडी जुनी झाली की थोडं तेल खाते. निळसर धूर दिसायच्या आधीच काडी खालच्या रेघेला टेकते, आणि नऊशेतले दोनशे गेले म्हणजे पाव संसार गेला. आमच्या ऑफिसातला एक जण सहा हजार म्हणजे सहा हजार, असं धरून बसला. मधे काडी बघितली नाही. गगनबावड्याच्या रस्त्यात त्याचं इंजिन जाम झालं. बोअर, पिस्टन, क्रँक, सगळंच काम निघालं. उलट जास्त भरणंही वाईट. एकदा मी घाईत काढायचं विसरलो आणि नुसतंच घातलं. तेलाला फेस आला, श्वासनळीतून ते एअर फिल्टरमध्ये उतरलं आणि गाडी दम्याच्या माणसासारखी खोकत उद्यमनगरापर्यंत गेली. मेस्त्रीनं फिल्टर पिळला. शब्दशः पिळला, धुतलेल्या पंचासारखा. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता राहिला प्रश्न काढलेल्या तेलाचा. दर वेळचं अडीचशे मिली जळकं ऑइल जाणार कुठं? आजोबांच्या काळी ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासलं असतं. सेंट्रिंगवाले ते प्लेटांना लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. गटारात ओतणारेही आहेत, पण ते नदीत जातं आणि पंचगंगेला आधीच पुष्कळ काही पचवायचं आहे. २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल चक्क धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते नोंदणी असलेल्या प्रक्रियावाल्याकडं जायला हवं. त्याच्याकडं जाण्याचा माझा रस्ता म्हणजे मेस्त्रीच्या दारातलं पिंप. पण पावशेर घेऊन त्याच्यासमोर कोण जाणार? आणि माझ्याकडं मोकळ्या झालेल्या बाटल्या होत्याच. मी प्रत्येक वेळचं जळकं एकेका बाटलीत भरत गेलो आणि सोयीची जागा म्हणून वर ठेवत गेलो.

परत दिवाळी आली. बायको माळ्यावर चढली. बराच वेळ वरून काही आवाज आला नाही.

"अहो."

"काय गं?"

"अकरा आहेत."

दहा बाटल्यांत पाव पाव जळकं, अकराव्या बाटलीत शंभरेक मिली ताजं. एकही भरलेली नाही आणि एकही रिकामी नाही.

पोत्यात घालून सगळ्या उद्यमनगरात नेल्या. मेस्त्रीनं पोत्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. या वेळी जरा जास्तच वेळ. एकेक बाटली काढून तो पिंपात उपडी करत गेला. पाव लिटर तेल बाटलीतून पूर्ण उतरायला किती वेळ लागतो हे ज्यानं उन्हात उभं राहून दहा वेळा बघितलंय त्यालाच कळेल.

"किती हाय ह्ये समदं?"

"अडीच लिटर."

त्यानं काळ्या बोटांवर मोजलं. "ह्यात तुमचं पावणेतीन येळा फुल ऑइल झालं असतं, साहेब."

मी काहीच बोललो नाही. त्यानं अकरावी बाटली उचलली, हलवली, झाकण काढून अंगठ्यावर थेंब घेतला. तर्जनी टेकवली. तार आली, लांबली, तुटली नाही.

"आन् ह्ये?"

"ते नवं आहे."

मेस्त्रीनं झाकण लावलं, बाटली फळीवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच, साहेब."

मी ती फळीवरून उचलली आणि पोत्यात घातली.